तिसऱ्या रकान्यातलं ‘आलं’

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या पाणीपुरवठा विभागाचे मोठे साहेब. आपला अमूल्य वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आपल्याला आधुनिक करून सोडणारे सल्लागार महाशय. व्यासपीठावरील इतर मान्यवर. सत्कारमूर्ती, तक्रार काउंटरवरच्या आमच्या ताई. माझे सहकारी बंधुभगिनी, आणि निमंत्रण नसतानाही शेवटच्या रांगेत येऊन बसलेले नागरिकहो!

मी या विभागातला फिटर. सगळे मला ‘पाना’ म्हणतात, कारण तो माझ्या खिशात कायम असतो. भाषणासाठी कार्यालयाने मला तीन मिनिटं दिलीत आणि कागदावर मुद्दे लिहून दिलेत. ताईंची सचोटी, ताईंचा वक्तशीरपणा, ताईंना दीर्घायुष्य आणि शेवटी नव्या अॅपचं कौतुक. दीर्घायुष्यासाठी एक ओळ आहे, अॅपसाठी सात. साहेब, पाणी घ्या ना. बिनधास्त घ्या, बाटलीतलंच आहे. पाणीपुरवठा विभागाच्या कार्यक्रमात नळाचं पाणी ठेवायला आम्ही काय वेडे आहोत?

तर आधी अॅपचं कौतुक करतो, म्हणजे ते राहून जायला नको. हल्ली कुठेही फोन लावा, एक बाई गोड आवाजात सांगते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग वाजंत्री. पंधरा मिनिटं आपण आपलं महत्त्व ऐकत बसतो. वर्तमानपत्र उघडावं तर आपण कशात ना कशात वरच्या क्रमांकावर गेलेलो असतो, आणि ते वाचून तोंड धुवायला जावं तर नळ कोरडा. अशा प्रगतीच्या काळात आपलाच विभाग मागे का राहावा? म्हणून सल्लागार महाशय आले. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. एका चित्राखाली लिहिलं होतं, ‘ग्राहकाचा प्रवास’. मी म्हटलं, हा प्रवास मला माहीत आहे. दोन बादल्या घेऊन कोपऱ्यापर्यंत आणि परत.

मग आलं अॅप. त्यात तक्रारीचे पाच पर्याय. पाणी नाही, पाणी कमी, पाणी गढूळ, मीटर आणि इतर. माणसाचं सगळं दुःख पाच चौकोनांत बसवलं, हे काय साधं काम आहे? आणि साहेबांच्या खोलीत भलामोठा पडदा. तक्रार आली की लाल ठिपका, फिटरने ‘निवारण’ हे बटण दाबलं की हिरवा. संध्याकाळी पाचला ज्याचे ठिपके लाल, त्याचा फोटो सोमवारच्या बैठकीत भिंतीवर. महिन्याभरात सगळा पडदा हिरवागार झाला. पावसाळ्यात शेतंही नसतील इतका हिरवा!

आता ताई. बावीस वर्षं ही बाई एका टेलिफोनपाशी बसली. अॅपला पाच पर्याय होते, ताईंना एकच प्रश्न होता, “नळाचा आवाज कसा येतोय?” लोक बावचळायचे. मग ताई म्हणायच्या, “रिसीव्हर नळापाशी धरा बरं.” आणि डोळे मिटून ऐकायच्या. नुसता फुसफुसला तर कुठेतरी व्हॉल्व्ह बंद. घरघरला तर वायसर गेलं. आणि खोकला तर सांभाळा. मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला शिकवलं, “एका घरचा नळ खोकला तर हवा असते रे. एका रांगेत तीन खोकले तर मोठ्या लाइनला तडा गेलाय. पाणी बंद असताना तिथून गटार आत ओढलं जातं. जेवत असलास तरी ताटावरून उठ.”

त्यांच्या रजिस्टरला तीन रकाने. नाव, तक्रार, निवारण. तिसऱ्या रकान्यात त्यांनी ‘निवारण’ हा शब्द कधी लिहिलाच नाही. त्या त्या घरी फोन करायच्या, आणि पलीकडचं माणूस स्वतःच्या तोंडाने “आलं हो” म्हणालं, की लिहायच्या, ‘आलं’. मी कितीही शपथेवर सांगितलं की काम झालंय, तरी नाही. “तू केलंस हे खरं, पण त्यांना आलं का?” सल्लागार महाशय ते रजिस्टर चाळत होते तेव्हा त्यांनी मला फार गंभीरपणे विचारलं होतं, “पाण्याच्या खात्यात आल्याचा काय संबंध?” मी म्हटलं, चहासाठी लागतं. त्यांनी ते टिपून घेतलं.

पुढे ताईंचा टेलिफोन काढला. जुनी पद्धत! ताईंना नुसत्या टेबलापाशी बसवलं. आणि महिन्याभराने छापखान्यामागच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी नातीकडून अॅप उघडून घेतलं. पाच पर्यायांत त्यांचा पर्याय नव्हता. त्यांनी ‘इतर’ निवडलं आणि नातीने टाइप केलं, ‘आमचा आणि शेजारच्या दोघांचा नळ खोकतोय.’

सल्लागार महाशय, तुमच्या यंत्राला ते कळलं नाही, यात त्याचा दोष नाही. ज्या फिटरच्या मोबाइलवर ती तक्रार पडली, त्याला मात्र ते कळलं होतं. एका रांगेत तीन नळ. पण पाचला दहा मिनिटं कमी होती आणि त्याचा फोटो आधीच्या दोन सोमवारी भिंतीवर झळकला होता. त्याने विचार केला, आता हिरवं करू, उद्या सकाळी पहिलं काम हेच. दाबलं बटण. दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्याच कामाला जुंपलं. विभागाला ‘सर्वांत जलद तक्रार निवारण’ असा पुरस्कार मिळणार होता ना, त्या मंडपातलं कारंजं उडत नव्हतं. दिवसभर तो कारंजं दुरुस्त करत होता. छान उडालं. पुरस्कार घेतानाचा साहेबांचा फोटो त्या कारंज्यापुढेच आहे.

तिसऱ्या दिवशी छापखान्यामागच्या गल्लीतली एकोणीस माणसं दवाखान्यात होती. शिंपीकाकांची नात सात दिवस सलाइनवर. तिचं वय नऊ.

चौकशी झाली. अहवाल मी वाचलाय, भाषा उत्तम आहे. त्यात लिहिलंय की काउंटरवरील कर्मचाऱ्याने नागरिकांना तोंडी आणि अशास्त्रीय शब्दांत तक्रार करण्याची सवय लावली, त्यामुळे नागरिकांना योग्य पर्याय निवडता आला नाही. म्हणजे नळाला खोकला झाला तोही ताईंमुळेच! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते आणखी काय असतं? म्हणून आज दोन वर्षं आधीच ही स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा कोणाची, ते कागदावर नाही.

आणि फिटर? अहवालात फिटर निर्दोष आहे. कारण ताईंनी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, “तू गेला होतास ना रे?” तो म्हणाला, “हो ताई, गेलो होतो.” टेलिफोन असता तर ताईंनी शिंपीकाकांना विचारून खात्री केली असती. टेलिफोन नव्हता. त्या चौकशीत उभं राहून म्हणाल्या, “आमचा पाना खोटं बोलायचा नाही.”

ते बटण मी दाबलं होतं.

साहेब, बसा. तीन मिनिटं झाली हे मलाही दिसतंय. ताई, तुम्ही पदराने डोळे पुसू नका, मला पुढचं बोलता येणार नाही. चार महिने तुमच्यासमोर चहा पितोय आणि एक घोट गोड लागलेला नाही. लाज वाटते मला.

भाषणाच्या शेवटी आभार मानायचे असतात. व्यासपीठाचे आभार, तुम्ही माइक बंद केला नाहीत. सभागृहाचे आभार, तुम्ही ऐकून घेतलंत. त्यानंतर, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा करावी, असं म्हणायची रीत आहे. मी ते म्हणत नाही. क्षमा करू नका, लिहून घ्या.

ताई, हे तुमचं रजिस्टर. रद्दीत निघालं होतं, मी उचलून ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झालेत. पाचपर्यंत तुम्ही नोकरीत आहात आणि काउंटर उघडा आहे. माझी तक्रार घ्या. नाव, छापखान्यामागची गल्ली. तक्रार, फिटर आला नाही, खोटं बोलला, आणि दोष काउंटरवर गेला. साहेबांनी अहवाल बदलेपर्यंत तिसरा रकाना कोरा ठेवा. आणि बदलला असं साहेब म्हणाले, तरी लगेच काही लिहू नका. शिंपीकाका शेवटच्या रांगेत नातीला घेऊन बसलेत. तुमच्या पद्धतीप्रमाणे आधी त्यांना विचारा, आलं का?