देवीच्या पावलांना स्प्रिंग

यांचा घोटा मोडला तेव्हा मी मारियम्मनला नवस बोलले होते, 'अम्मा, हे नीट चालायला लागू देत, तुला पावलांची जोडी वाहीन.' हे बरे झाले, कामावर जायचा दिवस ठरला, आणि चेन्नईहून मुलाचं पार्सल आलं. उघडते तर काय, लाकडाची दोन गुळगुळीत पावलं! वासही किती गोड! मी म्हटलं, लेकराला आईचा नवस आठवला गं! हळद-कुंकू लावलं आणि तशीच देवळात धावले.

पुजाऱ्यानं एक पाऊल जरा दाबून पाहिलं, तर ते टुणकन त्याच्या हातातून उडालं!

"अम्मा, याला स्प्रिंग आहे! देवीनं काय उड्या मारायच्या?"

तिथूनच मुलाला फोन लावला. तो ओरडला, "अय्यो अम्मा! ते अप्पांच्या बुटांत घालायचं. पडून पडून बूट आखडलेत ना? आत लाकूड ठेवलं की आकार राहतो, ओलही शोषली जाते."

मी पुजाऱ्याला विचारलं, "आता नवसाचं कसं हो?"

पुजारी हसला. "चांदीची जोडी सावकाश आणा. पायांसाठी मागितलंत, पायांसाठीच आलं. देवीपुढं ठेवतो, मग न्या."

सोमवारी हे त्याच बुटांत कामावर गेले. हळदीनं मोजे पिवळे झाले, पण चाल बघायची होतीस, जरासुद्धा लंगडणं नाही!

म्हणून सांगते सरोजा, भाओजींच्या बुटांत कागदाचे बोळे कोंबू नकोस. अशी जोडी मागव, आणि बुटात घालण्याआधी एकदा अम्मनच्या पायाशी ठेवून ये.