काठीवरलं माहं तोंड

मी मूळची मुलचेऱ्याकडली, भाऊ. नाव शेवंता. लग्न होऊन इकडे चामोर्शीच्या बाजूले आली, समोर धानाचे बांध अन् मांगं बांबूचं जंगल. आमी गोंड मानसं, आमचा देव, पेन म्हनतो आमी त्याले, जंगलातच राह्यते. माय सुपं विनायची, टोपल्या विनायची, तिच्यापाशी बसून मी शिकली. कवळा बांबू सोडाचा, जुना घ्याचा, रांजी मरू द्याची नाई, रांजी म्हनजे एका बुडातून निंगालेलं बांबूचं बेट. त्याच्यापल्याड मले कायी येत नाई अन् यावं असंही कधी वाटलं नाई.

मंग ते रश्मी आली. पुन्याची पोरगी, एका कंपनीची. डोंगर चढनाऱ्या लोकाइसाठी सामान बनवते म्हने कंपनी, पाठीवरच्या ब्यागा, बूट, काठ्या. मले त हासूच आलं, म्हनलं काठी इकत घ्या लागते का वो बाई, तोडाची ना झाडाची. तेही हासली. म्हने मावशी, आमच्या काठ्या प्लास्टिकच्या बनतात, मोडल्या का डोंगरावर कचरा होतो, आता आम्हाला जंगल जपून बनवायच्या आहेत, तुमच्या बांबूच्या. भल्ली गोड पोरगी, काय सांगू तुमाले. हॉटेलात नाई राह्यली, माह्या घरीच राहे, आंबील पिये, वास्त्याची भाजी, म्हनजे बांबूच्या कवळ्या कोंबाची, मांगून मांगून खाये. एक डाव ताप चढला तिले, तवा डोकं मांडीवर घेऊन मी बसून राह्यली.

गावची सभा बसली. माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ सोमाजी, ते म्हने बाहेरचे लोक पयले बांबू मांगते मंग जंगल मांगते. मी उभी झाली. म्हनलं हे पोरगी तशी नाई, मी जिम्मा घेते. भर सभेत बाईनं जिम्मा घेनं सोपं नसते भाऊ. सोमाजी म्हनले ठीक हाय, तुह्या तोंडाकडे पाहून.

काठ्या बनवाले कंपनीचं शेड उभं झालं. आमी बाया जुना बांबू आनू, आगीवर शेकून सरळ करू, टोरीच्या तेलानं घासू, मोहाच्या बियांचं तेल ते, काठी अशी चमके का हातातून सोडू वाटू नये. फोटोवाला आला, काठी धरून हासताना माहा फोटो काढला. अन् एका पावसाळ्यानंतर रश्मी म्हने मावशी, जरा थांबा, मागणी कमी आहे. शेडले कुलूप लागलं. फोन लावला का म्हने होईल मावशी, होईल. आमी थांबून राह्यलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर शहरातले कायी पोरंपोरी जंगल पाहाले आले, माह्या आंगनात पानी प्याले थांबले. एकीच्या हाती काठी होती, पिवळी, बांबूसारखी. तिनं माह्याकडे पाह्यलं, मंग काठीले लटकलेल्या चिठ्ठीकडे, अन् वरडली, अय्या, ह्या तर तुम्हीच! चिठ्ठीवर माहं तोंड भाऊ, हासनारं. तिनं वाचून दाखवलं, गडचिरोलीच्या आदिवासी भगिनींनी हातानं घडवलेली, जंगल जपणारी काठी. मी हातात घेतली. पेरं होते, पन रंगानं काढलेले. प्लास्टिक होतं, सारं प्लास्टिक. पोरगी इतकी खुश होती का तिले सांगू नाई शकली मी, पानीच देल्लं अजून.

पन गावाले कळलंच. यमुना, माह्या बाजूले बसून काठ्या शेकनारी, ते म्हने तूच इकलं आमाले, तोंड तुहंच हाय ना. सोमाजीनं मले पाहून रस्ताच बदलला, ते त अजून लागलं.

रश्मीले फोन लावला. म्हने मावशी, बांबू एकसारखा येत नाही ना, एक काठी जाड एक बारीक, दुकानदार परत पाठवतात, पण फोटो किती छान आलाय तुमचा! म्हनलं माहं तोंड काढ त्याच्यावरून. म्हने बघते. अन् दिवाळी झाल्यावर ते सोताच आली, क्यामेरावाल्याले घेऊन, नवा व्हिडिओ काढाचा होता. शेडचं कुलूप उघडलं, बायाइले नव्या साड्या वाटल्या, आग पेटवली, अन् माह्या हाती तेच प्लास्टिकची काठी देल्ली. म्हने शेकल्यासारखं करा मावशी, अन् हसा.

मी आगीत धरली. खरीच धरली. काठी वाकली, टपटप गळाले लागली, काळा धूर, असा घान वास का बाया पदर नाकाले लावून बाहेर पळाल्या, क्यामेरावाला खोकलत खोकलत त्याइच्या मांगं. रश्मी वरडली, काय करता मावशी! म्हनलं तूच त म्हनली शेक. मंग तिच्या डोऱ्यात पाह्यलं, म्हनलं पोरी, तुह्यासाठी मी सभेत उभी झाली होती ना वं. रडली ते. रडत रडत म्हने माझ्या हातात काही नाही, वरचे लोक ठरवतात. अन् गाडीत बसून गेली.

यमुनानं ते वितळलेली काठी उचलून दूर फेकली अन् माह्यापाशी येऊन बसली. सोमाजी सभेत म्हनले, ते फसली, तिनं फसवलं नाई. पन आता कोनी नवा मानूस सभेत बोलाले आला का सारे माह्याकडे पायते, अन् मी खाली पायते.

आता शेडात धान ठेवतो आमी. मी सुपं विनून राह्यली, चामोर्शीच्या बाजारात नेते. माहं तोंड अजून कोन्या दुकानात, कोन्या डोंगरावर लटकून हाय, मले का ठाऊक. कंपनीले मी वळखत नोहती, तिचा राग काऊन धरू? राग त्या पोरीचा येते, अन् आठवनही तिचीच येते, दोनी संगंच. पन जे लेकरं ते काठी घेऊन चालते, त्याइचा काय दोस भाऊ? त्याइनं त जंगलाचं भलं व्हावं म्हनूनच घेतली. त्याइचा पाय घसरू नये. नीट घरी जावो सारे.