लाल टिपक्याचा चार्जर

नाय मावशी, बॅटरी चांगली आहे, उगाच नवी घेऊ नका. फवारणीचा पंप दोन टाक्यांतच बसतो ना — तो दोष चार्जरचा. हे बघा, उघडलाय. घरातली वीज पुढं-मागं, पुढं-मागं करत असते, सेकंदाला पन्नासदा. बॅटरीला लागते एकाच दिशेची. म्हणून हे चार काळे मणी — डायोड. तुमच्या विहिरीतल्या मोटारीला फुटव्हॉल असतो ना, पाणी वर जाऊ देतो, माघारी नाय — तसं. वीज पुढं आली की दोघं वाट देतात, मागं फिरली की दुसरे दोघं — बॅटरीकडं मात्र एकाच बाजूनं जाते. यातला एक सुटलाय. म्हणजे अर्धी वीज अडूनच राहते, दिवसभर लावा नायतर काय करा.

कुणी जोडला? चितेगावच्या कंपनीत, मुलींनी. मीपण होते तिथं, बीएस्सी होऊन. प्रत्येकीची खूण असायची, आपापल्या रंगाच्या नेलपॉलिशचा टिपका. हा लाल टिपका फहमिदाचा, सिल्लोडची. असले चार्जर परत आले म्हणून काढून टाकलं तिला — पण हा कथलाचा डाग बघा, जोडावरचा, राखाडी, खडबडीत. फहमिदाचे डाग गोल, चकचकीत. कथील थंड होताना हात हलला की असा कच्चा बसतो — वरून जोडलेला दिसतो, तपासणीत पासही होतो. आमचे सुपरवायझर काकासाहेब मागून येऊन टेबलावर थाप मारायचे, गंमत म्हणून. मी दचकते, म्हणून माझ्याच टेबलावर जास्त. सगळ्या हसायच्या. फहमिदा तेवढी नाय हसायची. हा जोडला त्या दिवशी माझी गुलाबी बाटली वाळली होती, तर तिनंच तिची लाल दिली — घे गं, टिपक्यानं काय होतंय —

काय झालं म्हणजे? पुढं माल परत आला तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं, हे लाल कुणाचे? मी खाली बघत बसले. तिनं माझ्याकडं बघितलं, एकदाच, आणि डबा उचलला. मला वाटलं होतं, ती माझं नाव घेईल. घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

झालं. डाग पुन्हा दिलाय, आता भरेल बॅटरी. थांबा, हा टिपका तेवढा खरवडून काढते. नाय, त्यानं काही बिघडत नाय. राहूच कशाला द्यायचा — तिचा नाहीच तो.

कोण — कोण आलं मागं? शटर वाजलं होय.

मी तेव्हा का बोलले नाही, असं विचारताय? मावशी, चार्जर उचला. पाचोडची गाडी लागली असेल.