मोठ्या मरळीचं डोकं

पुढं सरका थोडं. मागं उन्हात उभे आहेत, त्यांनाही आत घ्या. विमलबाईंच्या श्रद्धांजलीला समाजभवन आज लहान पडून राहिलं. रामाकोन्याचे आहेत, सौंसरचे आहेत, पांढुर्ण्याहूनही माणसं आलेली दिसतात. विमलबाईंच्या तिन्ही पोरी समोर बसल्या आहेत. मी पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, बोलणं हाच माझा धंदा होता. पण आज बोलताना चुकलो तर सांभाळून घ्या.

बाहेरगावचे पाहुणे आहेत, म्हणून सांगतो. विमलबाईंनी जन्मभर सौंसरच्या बाजारात मासोळी विकली. नवरा डोहात जाळं टाकायचा, ह्या टोपली घेऊन बसायच्या. शनिवारी टोपली पालथी. त्या दिवशी पायी जामसांवलीला, हनुमंताच्या दर्शनाला. मी भावात घासाघीस केली की म्हणायच्या, "गुरुजी, तुमी पोराइले नापास करता, तवा मी येतो का मार्क वाढवाले?" मी हसून पैसे मोजायचो.

आणि एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. मासोळी खाणाऱ्या कोणत्याही घरी बाळंतपण असो, डोहातली सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी मरळ त्या विकत नसत. तिचं डोकं आणि पोटाची चरबी त्या घरच्या पोटुशीसाठी, बाळंतिणीसाठी. स्वतः रस्सा करून पातेलं पोचवायच्या. सवा महिना. फुकट. "दूध उतरते बाई, पे," म्हणायच्या. इथं बसलेल्या किती लेकीसुनांनी तो रस्सा पिला असेल? हात वर नका करू. मला मालूम आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी स्मिता बाळंतपणाला माहेरी आली. ती नागपूरला प्रयोगशाळेत पाणी तपासते. विमलबाई पातेलं घेऊन दारात हजर. स्मिता म्हणाली, "मावशी, मी मोठी मरळ नाही खाणार."

विमलबाईंचा चेहरा उतरला. "काऊन? माह्या हातचं चालत नाही का तुले?"

हा प्रश्न किती खोलातून आला होता, ते तुम्ही समजता. स्मितानं हाताला धरून त्यांना ओट्यावर बसवलं. म्हणाली, मावशी, कपाशीवर, संत्र्यावर आपण वर्षानुवर्षं जे फवारलं, त्यातली काही जुनी औषधं आता बंद झाली, पण ती मोडतच नाहीत. पंप आपण डोहात धुतले. ते औषध गाळात बसलं. गाळातून किड्यात गेलं, किड्यातून बोटभर माशात, आणि असे हजार मासे खाऊन मरळ मोठी झाली. जेवढी जुनी मरळ, तेवढं तिच्या चरबीत साठलेलं जास्त. नागपूरहून बर्फात समुद्राचे मोठे मासे येतात, त्यांचंही असंच. ते आईच्या अंगात साठतं, पोटातल्या बाळापर्यंत जातं, मग दुधातून जातं. बाळाच्या वाढीला, बुद्धीला त्याचा धोका असतो.

"उकळून उकळून मरत नाही का ते?"

"मरायला तो जंतू नाही, मावशी."

विमलबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी परत हजर. मरळीला तीनदा हळदमीठ चोळलं होतं, दोनदा उकळून पाणी फेकलं होतं. "आता तं गेलं असंन!" आम्ही हसलो. त्याही हसल्या. पण पातेलं घेऊन परत गेल्या.

तिसऱ्या दिवशी आल्या त्या रिकाम्या हातानं. मी एकटाच होतो. उभ्या उभ्या म्हणाल्या, "गुरुजी, माह्या तीन पोरी. तिघीइले मीच पाजला तो रस्सा. साऱ्या गावाले पाजला. तुमी तं हेच शिकवत होते शाळेत. तुमाले मालूम होतं का?"

मी म्हणालो, "नाही बाई. हे नवीनच निघालं."

मंडळी, मी खोटं बोललो. गाळ, किडा, लहान मासा, मोठा मासा, माणूस. हा बाण मी दरवर्षी फळ्यावर काढत होतो. त्यावर पाच मार्कांचा प्रश्न देत होतो. माझ्या बापाचा फवारणीचा पंप त्याच डोहात धुतला जायचा, मी स्वतः धुतला आहे. आणि दर रविवारी बाजारात मी काय म्हणायचो? "विमलबाई, मोठीच द्या." का नाही सांगितलं कधी? वाटलं, लोक म्हणतील, आला मोठा शहाणा. वाटलं, गरिबाच्या टोपलीवर कशाला पाय द्यायचा. आणि खरं सांगू? मला मरळ फार आवडायची.

माझं "नाही" ऐकून त्यांनी डोळे पुसले. "तुमालेच मालूम नव्हतं, तं मले अडानी बाईले कसं असंन," म्हणाल्या. त्यांना तेवढाच आधार झाला. मग मी तो काढून घेतला नाही. आता सांगता येणार नाही असं एकदा ठरवलं की ते रोज सोपं होत जातं.

पण बाई माझ्यासारख्या नव्हत्या. पुढच्या बाजारापासून टोपलीत समोर झिंगे आणि बोटभर मासे. पोटुशी बाई मोठा मासा मागायला आली, तर साफ नाही. चरबी आणि कातडी काढून फेकायच्या. कोणी डोहावर पंप धुवायला आला, की कमरेला पदर खोचून आडव्या उभ्या. लोक काय म्हणाले? म्हातारीचं डोकं फिरलं. गिऱ्हाईक दुसऱ्या टोपलीकडं गेलं. त्या माझ्याकडं यायच्या. "गुरुजी, तुमी चार लोकात सांगा ना. माह्यं कोन आयकून राह्यलं?" मी म्हणायचो, सांगतो, सांगतो. मी सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं. पण लगेच विचारलं असतं, गुरुजी, तुम्हाला केव्हापासून मालूम? म्हणून मी गप्प राहिलो आणि बाई एकट्या पडल्या.

मग लिव्हरचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरला त्यांनी विचारलं, मासोळीनं झालं का हे? डॉक्टर म्हणाले, एका माणसाचं असं सांगता येत नाही. मीही सांगू शकत नाही. आपल्या डोहाची तपासणी कधी झालीच नाही, त्यात किती विष आहे कोणाला माहीत? मी आज तुम्हाला घाबरवायला उभा नाही. मासोळी वाईट नाही. लहान मासे खा, चरबी काढा, पोराबाळांना द्या.

पण उद्या सुतक सुटल्याचं तिखटाचं, मासोळीचं जेवण आहे. सकाळी बाईंच्या अंगणात टोपलीखाली पाहिलं, हातभर मरळ ठेवली आहे. पाहुण्यांनी प्रेमानं आणली. रीतीनं तिचं डोकं कोणाच्या ताटात जाणार? धाकट्या दुर्गाच्या. तिला सहावा महिना आहे. एका घासानं काही होत नाही, हे मी मास्तर म्हणून सांगतो. पण हा एक घास नाही. उद्यापासून प्रत्येक काकू, प्रत्येक मावशी पातेलं घेऊन येईल. आतापर्यंत आडवी उभी राहायला तिची माय होती. मरळ आम्हा म्हाताऱ्यांना वाढा, आमचं काय व्हायचं ते होऊन गेलं. दुर्गाला झिंगे द्या. आणि कोणी विचारलं, हे कोणी सांगितलं, तर माझं नाव घ्या. विमलबाईंचं घेऊ नका. त्यांनी पुष्कळ ऐकून घेतलं आहे.

आता दोन मिनिटं उभे राहू. दुर्गा, बेटी, तू उठू नको, बसूनच राहा.

थांबा. त्याआधी एक उत्तर चुकलं होतं, ते दुरुस्त करतो.

विमलबाई, तुम्ही विचारलं होतं, तुमाले मालूम होतं का. होतं, बाई. सगळं मालूम होतं. तुमच्या लेकींसमोर हात जोडून माफी मागतो. या गुरुजीचा शेवटचा रामराम घ्या.