चुकणारा ढाळ

निजामाच्या काळी पूर्णा स्टेशनावर गाडीची वाट पाहताना रेल्वे कारखान्यातल्या दोघांचं बोलणं कानावर आलं.

"मन्मथअप्पा, ते तिरकस कापायचं लोखंड आज बी चुकलं म्हनं?"

"चुकलं, दिनकरराव. खाली पाचर लावून शिकंजा आवळायलोय, तरी ढाळ जास्तच येयलाय. उद्या चुकलं तर साहेब घरी बसवतो म्हनलाय."

"पाचर ठेवायच्या आधी काय करता?"

"मशिनीला ओलं भस्म लावतो. रोजचंच हाय."

"कुठं?"

"पाचरीचं जाड टोक बसतंय तिथं."

"अवो, तिथं केसाएवढी बी धूळ चालत न्हाई!"

"भस्म म्हंजी धूळ का?"

"तुमाला न्हाई. पाचरीला हाय."

"...मग उद्या मशिनीच्या कपाळाला लावतो."

"मशिनीला कपाळ कुठं असतंय?"

"वर, चाकापाशी. तिथं पाचर बसत न्हाई."