वेबसाइटला दिलेला ताण

वेबसाइटसाठी फुकटातली होस्टिंग शोधताय ना? मग आधी आमच्या बाबांचं ऐका.

वरूडला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. बाबांनी हट्टानं त्याची वेबसाइट करून घेतली. एकेका झाडाबद्दल दोन-दोन ओळी स्वतः मोबाइलवर लिहिल्या. हे आईनं लावलेलं, हे वाऱ्यानं वाकलेलं, याच्या सावलीत झोप छान लागते.

होस्टिंग मी निवडली, फुकटातली. त्यांना म्हटलं, "बाबा, अधूनमधून उघडत जा. कोणी पाहिलं नाही की ही साइट झोपते, आणि मग..."

"झोपते?" बाबांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "मंग चांगलंच हाय बाई. संत्र्याले बी बहाराआधी पाणी तोडून ताण देतो आपण. झाड झोपते, अन् उठते तवा फुलायनं लदते."

दोन महिन्यांनी मी अमरावतीहून गेले, तर बगीच्याचा वास फाट्यापासूनच यायला लागला. बाबा फुलांनी पांढऱ्याशुभ्र झालेल्या झाडाखाली मोबाइल घेऊन बसले होते, वेबसाइटचा बहार पाहायला. स्क्रीनवर एकच ओळ होती. बरेच दिवस कोणी न उघडल्यामुळे साइट काढून टाकली आहे.

मी हळूच म्हटलं, "ताण जास्त झाला, बाबा."

स्क्रीनवर एक पाकळी पडली. ती त्यांनी तशीच राहू दिली.

"नाई बाई. या झाडाइचं पाणी तोडलं, पण फेरी तं मी रोज मारतच होतो. ताण पाण्याचा द्याचा असते, नजरेचा नाई."