ऋतुजाच्या पदराची कटॅस्ट्रॉफी

फुलाबाई बिरदेव पुजारी, वय अंदाजे ७२, धंदा शेळ्या राखणे, शिक्षण अर्धी दुसरी, रा. वळसंग, ता. दक्षिण सोलापूर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, काल रविवारी सगळ्यांत आधी आली ती बघायला येणाऱ्या मुलाची आत्या केराबाई, मैंदर्गीची. पाहुणे अकराला यायचे, ही साडेनवालाच हजर. चूल बघायला, दुसरं काय! शेंगाचटणी तिनं तीनदा घेतली, हेही लिहा.

नात ऋतुजा पुण्यात कंपनीत आहे. तिला बघायला पाहुणे होते. आधीची दोन स्थळं "कळवतो" म्हणून गेली, ती गेलीच.

अकराला मुलगा शिवराज व त्याचे काका श्रीमंत, निवृत्त मास्तर, असे आले. तेवढ्यात आमच्या शेळीने ऋतुजाच्या नव्या साडीचा पदर वीतभर खाल्ला. ती आतून मैत्रिणीला फोनवर इंग्रजीत ओरडू लागली. मी विचारलं, "काय म्हणती ओ?" मास्तर उभेच राहिले. "डिझास्टर, कटॅस्ट्रॉफी, अर्थक्वेक! भूकंप, सर्वनाश, काय उरलं न्हाय म्हणती."

किल्लारीच्या सालापासून आमच्या आळीचा नियम आहे. भूकंप म्हटलं की विचारत बसायचं नाही. गॅस बंद, शेळ्या मोकळ्या, म्हातारी माणसं आधी बाहेर. शेजारच्या युवराजने थाळी बडवली व पोलिसांना फोन केला. केराबाई पळाली, पण चटणीची वाटी घेऊन.

माझा गुडघा धरतो, म्हणून मी आतच राहिले. बाहेर गेलेला शिवराज परत आत आला. "आजी, पाठीवर बसा." "जड हाय की रं मी." "असू द्या." त्याने मला लिंबाखाली नेऊन ठेवलं.

मग ऋतुजा कुरतडलेला पदर घेऊन आली. म्हणाली, "आजी, ऑफिसात चहा गार झाला तरी असंच म्हणतात." मी म्हटलं, "मग खरा भूकंप झाल्यावर काय म्हणत्यात?" ती गप्प. किल्लारीच्या साली आमी पण गप्पच होतो.

शिवराज तिच्याकडे बघून हसला. तीही हसली. मी दोन्ही पाहिलं.

नुकसान पदर, वीतभर. युवराजवर किंवा शेळीवर माझी तक्रार नाही.

हवालदारांनी जबाब मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. फक्त पाहुणे गुरुवारी साखर घेऊन परत येतो म्हणाले, ते राहिलं होतं. ते लिहून घेतल्यावरच अंगठा दिला.